मैदानाच्या कडेचा हिवाळा

थंडी पडली की आमच्या घरात बर्फ जमवायला सुरुवात होते. इतरांकडे या दिवसांत फ्रिज बंद करून त्यावर फडकं टाकून ठेवतात. भाजी तशीही टिकते आणि माठातलं पाणीच दातांना झोंबतं. माझ्या फ्रिजचा वरचा कप्पा मात्र याच दिवसांत भरतो. लहान लहान पिशव्यांत पाणी घ्यायचं, गाठ मारायची, आडव्या रचायच्या. पहिल्या वर्षी शेजारच्या सुमनबाईंनी ते पाहून विचारलं होतं, "हिवाळामा बरफ कोन खास वं?"

"खावासाठे नही, लावासाठे शे," मी म्हटलं.

त्या मान हलवत मिरची वाळत घालायला निघून गेल्या.

काल सकाळी पुन्हा तो कप्पा भरला. दुधाची जुनी किटली काढली, तिला गोणपाट गुंडाळलं, आत मूठभर सरकीसकट कापूस अंथरला म्हणजे बर्फ लवकर वितळत नाही. बाहेर उसाच्या ट्रॉल्या शहाद्याच्या रस्त्याला लागल्या होत्या. धुक्यात ट्रॅक्टर दिसत नव्हते, नुसती त्यांवरची गाणी जात होती. आमच्या कळसाडी गावचा हिवाळा पांढरा असतो. खाली कापूस, वर धुकं, आणि या दोन्हींच्या मधे कुठेतरी वेचणीला निघालेल्या बायांच्या लाल-हिरव्या पातळांचे ठिपके. उत्तरेचा सातपुडा सकाळी नसतोच. ऊन वर आलं की कुणीतरी निळ्या पेन्सिलीने रेघ ओढावी तसा हळूच उमटतो. किटली हातात घेऊन मी दारात उभी राहिले आणि मला तो हिवाळा आठवला, ज्यात हे सगळं सुरू झालं.

माझी मुलगी मयुरी तेव्हा अकरावीत होती. आता ती नाशिकला शिकते. त्या वेळी ती शाळेच्या कबड्डीच्या संघात चढाई करायची. मला कबड्डीतलं काही कळत नव्हतं. संध्याकाळी ती मातीने भरलेली यायची, मी ओरडायचे, ती हसायची, एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. एक दिवस ती केस धुऊन उन्हात बसली होती आणि कुडता जरा वर सरकला. बरगडीवर जांभळा मोठा वळ. पिकलेल्या जांभळाचा रंग, कडेला पिवळा.

"हाई काय शे?"

"काही नही," ती म्हणाली आणि कुडता खाली ओढला.

त्या 'काही नही'चा आवाज माझ्या कानात राहिला. तो माझाच आवाज होता. मीही माझ्या आईला असंच सांगत आले होते. पाठीचं, पोटाचं, सगळ्याचं उत्तर तेच.

त्याच आठवड्यात शाळेत पालकांची सभा झाली. संघाचे शिक्षक भामरे सर, उंच, किंचित वाकून बोलणारे, बायकांशी बोलताना नजर जमिनीवर ठेवणारे. त्यांनी सविताची गोष्ट सांगितली. सविता सातपुड्यातल्या पाड्यावरची, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. तिचा घोटा सरावात मुरगळला होता आणि ती तशीच खेळत राहिली. सरांच्या लक्षात आलं तेव्हा पाय बुटात जाईना.

"मुली मला सांगत नाहीत," सर म्हणाले. "गुडघा सुजला तरी सलवार खाली ओढून घेतात. पोटरीत गोळा आला तर झाडामागे जाऊन बसतात. मी विचारतो, त्या मान हलवतात. मैदानावर कुणीतरी बाईमाणूस पाहिजे. शहाद्याला दर रविवारी खेळातल्या दुखापतींचे प्रथमोपचार शिकवणार आहेत. कुणी आई तयार असेल तर..."

सगळ्या बायका पदर सावरायला लागल्या. कुणाची वेचणी, कुणाची गाय व्यालेली. मलाही कामं होतीच. पण माझा हात वर गेला. धीर वगैरे काही नव्हता. मयुरी ज्यांना सांगत नव्हती त्यांत मीही होते, हे मला कुठल्यातरी मार्गाने बदलायचं होतं, आणि समोर दिसला तो मार्ग हा होता. मयुरी दारातून बघत होती. तिने कपाळावर हात मारून घेतला.

शहाद्याच्या त्या सभागृहात खाली निळ्या चटया होत्या आणि फिनेलचा वास. खेळाचे शिक्षक, तालीम चालवणारे एक म्हातारे वस्ताद, दोन-तीन कॉलेजची पोरं, आणि कोपऱ्यात साडी आवरत मी. शिकवायला नंदुरबारहून रोहिणीताई यायच्या. फिजिओथेरपिस्ट, वय मयुरीपेक्षा दहाएक वर्षांनी जास्त असेल. एक लांब वेणी आणि मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी पट्टी बांधायला शिकवतील. त्यांनी एका मुलाला चटईवर आडवं केलं आणि म्हणाल्या, "हा पडलाय. याच्याकडे जा."

आम्ही सगळे धावलो.

"परत," त्या म्हणाल्या. "धावत आलात की पडलेल्याला वाटतं, आपलं फार भयंकर काहीतरी झालंय. भरभर चाला, पण चालत या. त्याला दिसाल असे बसा. नाव घ्या. काय झालं ते विचारा. आणि मग विचारा, हात लावू का?"

वस्ताद हसले. "त्यात इचारनं काय? दिसी ऱ्हायनं ना."

"तुम्हाला दिसतंय, वस्ताद," रोहिणीताई म्हणाल्या, "दुखतंय त्याला."

वस्ताद मान डोलवून हसले. पुढच्या रविवारी चटईवर पडलेल्या पोराला तेच सगळ्यांत हळू आवाजात विचारत होते, "बेटा, हात लावू का?"

मला त्या शिक्षणातलं सगळ्यांत अवघड काय गेलं सांगू? हात आवरणं. माझे हात चोळण्यात वाढलेले. बाळंतिणीला तेल, लेकराला तेल, नवऱ्याच्या पाठीला बाम. दुखलं की चोळायचं, आखडलं की ओढायचं. आणि इथे प्रत्येक गोष्टीत 'नको'. मुरगळलेला घोटा चोळू नको. निखळलेला खांदा बसवायला जाऊ नको, जसा आहे तसाच झोळीत घे. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू नको. पुढे झुकव, नाकाचा मऊ भाग चिमटीत धर आणि धीर धर. बर्फ सरळ कातडीवर ठेवू नको, फडक्यात गुंडाळ. मान दुखते म्हणाली तर कुणालाही उचलू देऊ नको, मग सगळं मैदान ओरडलं तरी चालेल.

"आपलं काम बरं करायचं नाही," रोहिणीताई सांगायच्या. "बरं करणारे पुढे बसलेत. आपलं काम, आहे त्याहून बिघडू द्यायचं नाही. आणि माणूस एकटा पडू द्यायचा नाही."

घरी सरावाला मयुरीचे बाबा होते. संध्याकाळी शेतातून आले की खाटेवर बसायचे आणि निमूटपणे हात पुढे करायचे. मी मयुरीच्या ओढणीची झोळी करून त्यांच्या गळ्यात अडकवायचे, गाठ हाडावर येऊ नये म्हणून बाजूला सरकवायचे. एकदा झोळी बांधलेली असतानाच ऊसतोडीच्या मुकादमाची हाक आली आणि ते तसेच बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी अर्धा गाव विचारपूस करायला आला. एकाने तर हाड बसवणाऱ्याचा पत्ताही आणला होता. बाबा म्हणाले, "मन्ही बायको शिकी ऱ्हायनी, मी मोडी ऱ्हायनू." आणि इतके हसले की खाट करकरली. तसं त्यांनी मला शिकायला 'जा' असं कधी म्हटलं नव्हतं, 'नको जाऊ' असंही नाही. रविवारी सकाळी मोटरसायकल पुसून दारात आणून ठेवायचे, बस.

मैदानावर गेल्यावर मात्र पहिल्या दिवशी कुणीच माझ्याकडे आलं नाही. मी कडुलिंबाच्या झाडाखाली किटली घेऊन बसलेली, मुली पाणी मारलेल्या मातीत घुमणाऱ्या. कबड्डी-कबड्डीचा तो एका दमातला घोष, त्याखाली पावलांचा धपधप आवाज, आणि मातीचा थंड, ओला वास. मयुरी माझ्याकडे न बघण्याची फार काळजी घेत होती.

मग सविता उडी मारून खाली आली आणि तिच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. एक क्षणच. लगेच चेहरा कोरा. मी उठले. भरभर, पण चालत गेले. तिच्यासमोर मातीत बसले.

"सविता, मी मयुरीची आई. जुना घोटा दुखला का?"

ती मान हलवणार होती. मग थांबली. "थोडा."

"बघू का? हात लावू?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हा प्रश्न आहे हेच तिला पटत नव्हतं. मग हळूच हो म्हणाली. मी तिचा पाय उचलून माझ्या मांडीवर घ्यायला गेले, तर तिने झटकन मागे ओढला.

"काकू, पाय नका धरू! मोठ्या माणसांनी पाय नाही धरायचे. पाप लागतं मला."

"मी पाय नही धरत," मी म्हटलं, "घोटा धरतेय."

ती हसली. पहिल्यांदाच तिचे दात दिसले. मग तिने पाय माझ्या मांडीवर ठेवला. मातीने भरलेला, टाचेला भेगा, करंगळीवर जुनी खूण. तो डोंगर चढलेला पाय होता. तो मांडीवर इतका हलका कसा लागला, याचं मला नवल वाटलं. मी बर्फ लावला, पट्टी घोट्याभोवती आठच्या आकड्यासारखी फिरवली, मग अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख पुन्हा गुलाबी व्हावं लागतं. झालं नाही तर पट्टी घट्ट झाली समजायचं. ते गुलाबी होताना आम्ही दोघींनी टक लावून पाहिलं. तिला आठवडाभर बसवलं. ती रुसली, कोपऱ्यात बसून गवत उपटत राहिली, पण बसली.

त्यानंतर मुली यायला लागल्या. आधी नखाचं, खरचटल्याचं घेऊन. मग खरी दुखणी घेऊन. कधीकधी दुखणं नसायचंच. नुसत्या येऊन बसायच्या, किटलीवर हात ठेवून म्हणायच्या, "काकू, कित्ती गार शे!" माझ्या पट्ट्यांपेक्षा माझं तिथं बसून असणंच त्यांना जास्त हवं होतं की काय, कुणास ठाऊक. एक दिवस मयुरीही आली. कोपर पुढे केलं. "हाई पन देख ना," म्हणाली. दुसरीकडे बघत.

जिल्ह्याचे सामने नंदुरबारला होते. प्रकाशा गावाजवळचा पूल ओलांडताना तापीवरचं धुकं बसच्या खिडकीतून आत येतं. ते सोडून पुढे गेलं की काही वेळाने वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या लागतात. मैलभर जमीन लाल. मुली शिंकायला लागल्या, एकीला शिंक आली की सगळ्यांना, आणि मग हसणं आवरेना. बसमध्ये त्या शिंका आणि ते हसणं, याच्याइतकं आनंदी मी त्या वर्षात काही ऐकलं नाही. त्या दिवशी विभागाच्या संघासाठी निवड होणार होती. निवड करणारे खुर्च्यांवर बसलेले, अंगावर उबदार जाकिटं. मयुरी सकाळपासून गप्प होती. एवढ्या वर्षांत तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती त्या खुर्च्यांमधे बसलेली होती.

शेवटच्या सामन्यात आमचा संघ एका गुणाने पुढे होता. मयुरी चढाईला गेली. कोपऱ्यातल्या मुलीला तिने शिवलं, वळली, आणि मागून येणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. आवाज मला मैदानाच्या कडेला ऐकू आला. मयुरी पुढे कोसळली, हात मध्यरेषेच्या पलीकडे. गुण मिळाला. सगळं मैदान ओरडलं.

ती उठली नाही.

तेवढं अंतर चालत जाणं मला आजही आठवतं. पाय पळायला बघत होते, आणि मी त्यांना धरून नेत होते. मी तिच्या तोंडासमोर बसले.

"मयुरी, मी शे. मान हलवू नको. मान दुखस का?"

"नही."

"हात हलाव. पाय हलाव."

तिने हलवले. डोळे उघडे होते, पण माझ्यावर स्थिर होत नव्हते. मी तिला हळूच बसवलं आणि विचारलं, आत्ता आपण कुणाशी खेळतोय? तिने सकाळच्या सामन्यातल्या संघाचं नाव सांगितलं.

"माय, मन्हा गुण भेटना का?"

"भेटना." मिळाला म्हणून मी मान डोलावली.

ती हसली. डोळे मिटले, उघडले. "माय, मन्हा गुण भेटना का?"

रोहिणीताईंचा एकच धडा असा होता ज्यात विचारणं नव्हतं. "डोक्याला मार लागलेला खेळाडू खोटं बोलत नसतो," त्या म्हणाल्या होत्या, "पण त्याचं त्याला कळतही नसतं. तिथं तुम्ही ठरवायचं. शंका आली की बाहेर. त्या दिवशी परत आत नाही."

भामरे सर वाकले. "कसं काय, ताई? थोडाच वेळ उरलाय." ते दडपण आणत नव्हते. पण त्यांच्या डोळ्यांत आशा होती, ती मला दिसली.

"सर, ती परत आत जाणार नाही."

तेवढ्यात मयुरीला थोडं भान आलं होतं. तिने माझं मनगट धरलं. "मी खेळस ना. काही नही व्हयनं मले. आज निवड शे, तुले माहीत शे ना?"

"माहीत शे."

"मंग?"

"नही, बेटा."

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. "तू मन्ही माय शे का कोन शे?"

सरांनी आमच्या दोघींकडे पाहिलं, मग सरळ उभे राहिले आणि राखीव मुलीला आत बोलावलं. माझ्याशी एक शब्दही वाद घातला नाही त्यांनी. त्याबद्दल मी त्यांचे आभार अजून नीट मानलेले नाहीत.

आमचा संघ हरला. शेवटच्या चढाईला आमच्या बाजूला सविता एकटी उरली होती. पट्टी बांधलेल्या पायाने ती समोरच्या मुलीच्या कमरेला मिठी मारून फरफटत गेली, पण हात सुटला. मयुरी माझ्या खांद्याला टेकून ते बघत होती. रडत नव्हती. मी तिचं डोकं खांद्यावर स्थिर धरलं होतं आणि मनात एकच चाललेलं, गाडी कुठाय, गाडी कुठाय.

दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये तिला उलटी झाली. दोन्ही बाजूंना त्याच लाल पथाऱ्या. सकाळी हसत गेलो होतो त्या रस्त्याने. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्याशी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. गायीचं, वासराचं, काहीतरी. ती मधेच म्हणाली, "दुखी ऱ्हायनं, माय. डोकं खूप दुखी ऱ्हायनं." आणि त्या तसल्या भीतीतही माझ्या मनात आलं, सांगितलं. पोरीने मला दुखतंय म्हणून सांगितलं.

स्कॅन झालं. रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं, मग घरी आराम सांगितला, हळूहळू सगळं सुरू करायला सांगितलं. खेळ सगळ्यांत शेवटी. निघताना मी त्यांना विचारलं, "तिला परत खेळू दिलं असतं तर काय झालं असतं?"

ते म्हणाले, "कदाचित काहीच नाही. आणि त्यातच दुसरा मार बसला असता तर आपण इथे असे बोलत नसतो कदाचित. सांगता येत नाही."

हे 'सांगता येत नाही' घेऊन मी घरी आले आणि त्यानंतरची किती वर्षं ते माझ्याजवळ आहे. बांधलेली पट्टी दिसते, थांबलेलं रक्त दिसतं. जे होऊच दिलं नाही ते कुणाला दाखवायचं? मयुरीची निवड झाली नाही, हे सगळ्यांना दिसलं. विभागाच्या संघात आमच्या शाळेची एकच मुलगी गेली, सविता. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती मयुरीला शोधत होती, असं सरांनी मला नंतर सांगितलं.

घरात मयुरी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. खिडकीला मी चादर लावली, कारण उजेड तिला टोचायचा. मोबाईल बाबांनी कपाटात ठेवला. मी जेवण नेलं की ती उठून बसायची, जेवायची, ताट सरकवायची. माझ्याशी बोलत नव्हती. बाबांशी बोलायची, वासराशी बोलायची. मी बाहेर पडवीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसायचे आणि आतल्या प्रत्येक हालचालीकडे कान लावायचे. बरोबर केलं हे मला माहीत होतं. पण बरोबर केलं हे माहीत असूनही माणसाचं लेकरू त्याच्याकडे पाठ करून निजलं की घशाखाली घास उतरत नाही.

एका रविवारी सविता आली. वसतिगृहातून परवानगी काढून, ओढणीच्या टोकात बोरं बांधून. घरून कुणीतरी आलं होतं, त्यांनी डोंगरातली आणली होती. ती मयुरीच्या खाटेखाली जमिनीवर बसली आणि बोरं एकेक करून तिच्या हातात देत राहिली. निवडीचं काही बोलली नाही. शेवटी मयुरीनेच विचारलं, "कधी जाशील विभागाला?"

"पुढच्या महिन्यात."

मयुरीने तोंडातली बी टाकली. मग सविता म्हणाली, "मला बसवलं होतं ना काकूंनी, मला पण राग आला होता. लय राग आला होता." तिने एक बोर पुसलं. "पण आमच्या घरी कुणी विचारत नाही, दुखतंय का म्हणून. सगळ्यांचंच दुखतं. म्हणून कुणी कुणाला विचारत नाही."

मी बाहेर शेंग हातात धरून बसले होते. ती सोलायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मयुरी पडवीत येऊन बसली. ऊन तिरपं झालं होतं, सातपुडा स्पष्ट दिसत होता. तिने सुपातल्या शेंगा पुढ्यात घेतल्या. आम्ही सोलत राहिलो. माझ्या मनगटावरची तिच्या नखांची खूण एव्हाना पुसट झाली होती; तिने ती पाहिली असावी, कारण ती एकदम म्हणाली, "तुले भ्याव वाटनं का तवय?"

"वाटनं ना."

"मंग तुन्हा हात का बरं नही थरथरना?"

"थरथरी ऱ्हायना व्हता. तुन्हा पाठमागे धरेल व्हता मी."

हिरवे दाणे सुपात टपटप पडत राहिले. मग ती सरकली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, लहानपणी व्हायची तशी, पाय पायरीवर सोडून. माझे हात शेंगांनी चिकट होते. मी विचारलं, "हात लावू का?"

ती डोळे मिटून हसली. "इचारस काय, माय."

त्यानंतरचे दिवस हळू गेले. आधी उसाच्या बांधावरून नुसतं चालणं, मी बरोबर. मग जरा भरभर. डोकं दुखलं की मागे फिरायचं, कुरकुर न करता. गहू ओंबीला आला तेव्हा ती धावायला लागली आणि मी बांधावर मागे राहिले. तिची वेणी पाठीवर उडताना बघणं, ती वळणावर दिसेनाशी होणं, मग परत दिसणं. बाबा विहिरीवरून हाक मारून विचारायचे, "पयनी का?" मी हात वर करायचे, पळाली म्हणून.

डॉक्टरांनी खेळायला मोकळीक दिली तेव्हा थंडी सरत आली होती. स्पर्धा सगळ्या संपल्या होत्या. सरांनी शाळेच्या मैदानावरच दोन गट पाडून एक सामना ठेवला, कशासाठी ते कुणी बोललं नाही, सगळ्यांना माहीत होतं. सविता विभागावरून परत आली होती, ती समोरच्या गटात. मयुरीचे बाबा आले होते. आजवर तिचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवून ते माझ्या शेजारी लिंबाखाली बसले, देवळात बसतात तसे.

मयुरी पहिल्याच चढाईला गेली. रेषेवर वाकली, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि आत शिरली. सविताने तिची वाट पाहिली, घोटा पकडला, आणि अलगद, अगदी अलगद तिला खाली बसवलं. दम तुटला. बाद.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मयुरीकडे. ती मातीत बसली होती, आणि हसत होती. सविताचा हात धरून उठली, कपडे झटकले, आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी टेकली. धापा टाकत होती. तिच्या अंगाला ओल्या मातीचा आणि घामाचा वास येत होता. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, गरम, आणि मी हललेच नाही.

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, तो आपल्या बाजूने समोरचा कुणी बाद करेपर्यंत. एक गडी मारला की आपला एक गडी परत आत जातो. त्याला जिवंत होणं म्हणतात. खेळातला साधा शब्द आहे, पोरी दिवसातून किती वेळा ओरडतात. तोवर मी तो कधी ऐकला नव्हता असं नाही.

मैदानात पकड झाली, धूळ उडाली, समोरच्या गटातलं कुणीतरी बाद झालं. सरांनी वळून आमच्याकडे हात केला.

"मयुरी, जिवंत! चल, आत ये."

ती उठली आणि धावत गेली.